खिशांतील वाचनालय आणि पेठेंतील वाचनालय

नगरहून एका वाचकभगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. घर एकत्र, लहानथोर मिळून अकरा माणसें. शहरांतील एका वाचनालयाचें सभासदत्व मामंजींच्या वेळेपासून चालत आलेलें. यंदा वर्गणी भरावयाची वेळ आली तेव्हां धाकटे भावोजी म्हणाले, "घरांत सात मोबाइल आहेत, साऱ्या जगाचीं पुस्तकें त्यांत आहेत, मग हा खर्च कशाला?" यावर थोरल्या जाऊबाईंनीं विचारिलें कीं, मोबाइलांत पुस्तकें असतील, पण गेल्या वर्षभरांत त्यांतील एक तरी कोणीं वाचून संपविलें काय? वाद तेथेंच राहिला. "सासूबाई मात्र कांहींच बोलल्या नाहींत," असें या भगिनी लिहितात. "त्यांची दृष्टि दोन वर्षांपासून अधू झाली आहे. पूर्वीं आठवड्यास दोन पुस्तकें वाचीत. आतां पुस्तक नुसतें मांडीवर घेऊन बसतात. वर्गणी चालूं ठेवावी कीं नाहीं, तें आपण सांगावें."

योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत त्याच जिल्ह्यांतील एका खेड्याच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांचेंही पत्र आलें. दोन खोल्या, नऊ कपाटें, चार हजार पुस्तकें आणि संध्याकाळीं तीन तास उघडें राहणारें दार. पूर्वीं देवघेवीच्या टेबलापुढें गर्दी असे; आतां मंडळी वर्तमानपत्रें चाळून उठून जातात. "मजजवळ संगणक नाहीं, मोबाइल मात्र आहे," असें लिहून ते विचारतात, "ज्या यंत्रानें माझे वाचक नेले, त्याच यंत्रानें ते परत आणतां येतील काय?"

हीं दोन पत्रें जणूं एकमेकांस लिहिलेलीं आहेत असें आम्हांस वाटलें. म्हणून दोहोंचा विचार एकत्रच करतों.

नगरास ग्रंथांचें माहात्म्य आम्हीं शिकवावें अशी मुळींच स्थिति नाहीं. याच जिल्ह्यांतील नेवाशास शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि छापखाना येईपर्यंत ती हातानें केलेल्या नकलांवरच घरोघर वाचली गेली. शहरांतील जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ सालची. 'ज्ञानोदय' पत्र १८४२ मध्यें निघूं लागलें तें याच शहरांतून. भुईकोट किल्ल्यांत स्थानबद्ध असतां १९४४ सालीं पंडित नेहरूंनीं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला. २०२४ पासून शहर व जिल्हा यांचें अधिकृत नांव अहिल्यानगर झालें आहे. पण चौदा तालुक्यांचा विस्तार होता तोच आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरांतील वाचकानें एका पुस्तकासाठीं शहर गांठावयाचें तर सारा दिवस मोडतो, आणि तेथें पोंचल्यावर "पुस्तक बाहेर गेलें आहे" असें उत्तर मिळालें म्हणजे पुन्हां तो त्या वाटेस जात नाहीं. मोबाइलचा पहिला उपयोग हा आहे कीं, पुस्तक जाग्यावर आहे किंवा नाहीं हें घर सोडण्यापूर्वीं कळावें.

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम प्रसिद्ध केले. त्यांतील चौथ्याचा आशय एवढाच कीं, वाचकाचा वेळ वांचविला पाहिजे. मोबाइलवरील कोणतेंही ॲप पारखावयास याहून सोपी कसोटी आम्हांस सांगतां येणार नाहीं. जें वाचकाचा वेळ वांचवितें तें ठेवावें. जें वेळ खातें तें काढून टाकावें.

प्रथम ग्रंथपालांचें काम पाहूं. वाचनालयांत दाखल-नोंदवही असते, परंतु ती हिशेब-तपासणीच्या उपयोगाची. वाचकास तिच्यांत पुस्तक सांपडत नाहीं. यासाठीं प्रथम सूची करावी. गूगल शीट्स हें तक्ते मांडण्याचें ॲप मोबाइलवर विनामूल्य मिळतें. त्यांत सहा रकाने पुरेत: दाखल क्रमांक, पुस्तकाचें नांव, लेखक, प्रकाशनवर्ष, विषय आणि कपाट. टंकलेखनाचा कंटाळा असेल तर मोबाइलच्या कळफलकावरील माइकच्या चिन्हास स्पर्श करून नांव मराठींत बोलावें. अक्षरें आपोआप उमटतात, फक्त एकवार तपासून घ्यावीं लागतात. दररोज पन्नास पुस्तकें घेतलीं तर चार हजार पुस्तकांचें काम ऐंशी दिवसांत उरकतें. पुढें सातवा रकाना वाढवून त्यांत पुस्तक बाहेर गेलें म्हणजे 'बाहेर' व परत आलें म्हणजे 'आंत' एवढें लिहीत जावें. हा तक्ता केवळ पाहण्याच्या परवानगीनें सभासदांस द्यावा, म्हणजे घरबसल्या शोध होतो. मात्र कोणतें पुस्तक कोणाकडे आहे, हें या तक्त्यांत कधींही लिहूं नये. ती नोंद वेगळी ठेवावी. माणूस काय वाचतो, हें त्याचें खाजगी आहे.

नव्या पुस्तकाच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचा बारकोड असतो. त्यांत पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक सांठविलेला असून २००७ पासून तो तेरा आंकड्यांचा झाला आहे. लायब्ररीथिंगसारख्या ॲपनें कॅमेरा त्यावर धरला कीं, नांव व लेखक यांची नोंद आपोआप होते. घरच्या पुस्तकांची यादी करूं इच्छिणाऱ्यांसही हें ॲप सोयीचें आहे. परंतु हे क्रमांक १९७० नंतर प्रचारांत आले, म्हणून जुन्या मराठी पुस्तकांवर ते नसतात. आणि असले तरी परदेशी यादींत मराठी पुस्तक सांपडेलच असा नेम नाहीं. अशा वेळीं शीर्षकपृष्ठाचें छायाचित्र काढून गूगल लेन्सनें त्यावरील अक्षरें उचलावीं. छपाई पुसट असली म्हणजे जोडाक्षरें चुकतात. तेव्हां डोळ्यांखालून घातल्यावांचून नोंद पक्की करूं नये.

ज्या मोठ्या वाचनालयांत संगणक आहे, त्यांनीं 'कोहा' या प्रणालीचा विचार करावा. न्यूझीलंडमधील एका लहानशा ग्रंथालय-संस्थेसाठीं ती १९९९ सालीं तयार झाली व नंतर सर्व जगास विनामूल्य खुली केली गेली. कोहा हा शब्द तेथील माओरी भाषेंतील असून त्याचा अर्थ 'भेट' असा होतो. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रानें 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली बनविली आहे. सूचीचें काम दोहोंनींही होतें, व ती सूची वाचकास मोबाइलवर पाहतां येते.

सूचीनंतर निरोप. व्हॉट्सॲपचें व्यवसायासाठीं वेगळें केलेलें ॲप वाचनालयासही चालतें. बहुतेक ठिकाणीं समूह काढण्यांत येतो. आमच्या मतें ती चूक आहे. समूहांत प्रत्येक सभासदाचा क्रमांक इतर सर्वांस दिसतो, आणि आठ दिवसांत पुस्तकें बाजूस राहून सुप्रभातांची चित्रें सुरू होतात. त्याऐवजीं प्रसारण-यादी करावी. तिच्यांतून पाठविलेला निरोप प्रत्येकास स्वतंत्र पोंचतो. अट इतकीच कीं, सभासदानें वाचनालयाचा क्रमांक आपल्या मोबाइलांत नोंदविलेला असावा. एका यादींत २५६ नांवें मावतात. दर शनिवारीं कपाटांतील पांच पुस्तकांच्या मुखपृष्ठांचीं छायाचित्रें व प्रत्येकाविषयीं ग्रंथपालांनीं स्वतः लिहिलेल्या तीन ओळी धाडाव्या. नवींच पुस्तकें पाहिजेत असें नाहीं. तीस वर्षें कपाटांत उभें असलेलें पुस्तक ज्यानें पाहिलें नाहीं त्यास तें नवेंच आहे. परतीच्या तारखेची आठवणही अशीच सौम्य शब्दांत द्यावी.

वर्गणी मोबाइलवरून घ्यावयाची तर चौकोनी क्यूआर-चित्र संस्थेच्या बँकखात्याचें असावें, चिटणीसांच्या किंवा ग्रंथपालांच्या स्वतःच्या खात्याचें नसावें; आणि पावती पूर्ववत् फाडावी. माणसें कितीही सचोटीचीं असलीं तरी सार्वजनिक पैसा खाजगी खात्यांतून वाहूं लागला कीं, पुढें हिशेबाच्या वेळीं मनें कलुषित होतात.

आतां घरच्या वाचकांकडे वळूं. भावोजींचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेनें उभारलेलें व २०१८ मध्यें राष्ट्रास अर्पण झालेलें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय मोबाइलवर आहे. अनेक संस्थांच्या संग्रहांत एकाच ठिकाणाहून शोध घेण्याची त्यांत सोय असल्यामुळें महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींस तें विशेष उपयोगी पडेल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं आरंभ झालेला मराठी विश्वकोश आतां संकेतस्थळावर विनामूल्य वाचतां येतो. राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळाचीं अनेक प्रकाशनें मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतां येतात. एखादा जुना शब्द अडला तर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही शिकागो विद्यापीठानें इंटरनेटवर ठेविले आहेत. घरांतील वादांपैकीं निदान शब्दार्थाचे वाद तरी ताबडतोब मिटण्याची यामुळें सोय झाली आहे.

मुलांसाठीं राष्ट्रीय ई-पुस्तकालय हें ॲप आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पांत त्याची घोषणा झाली व नॅशनल बुक ट्रस्टनें तें सिद्ध केलें. तीन ते आठ, आठ ते अकरा, अकरा ते चौदा आणि चौदा ते अठरा असे चार वयोगट करून त्यांत पुस्तकें लाविलीं आहेत, व मराठीचाही त्यांत समावेश आहे. प्रथम बुक्स या संस्थेनें २०१५ मध्यें सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रकथा पुष्कळ असून त्या मोकळेपणानें वापरण्याची व भाषांतर करण्याची मुभा आहे. सुटींत घरच्या मोठ्या मुलीनें यांतील एखादी कथा घरच्या बोलींत उतरवून धाकट्यांस वाचून दाखवावी असें आम्ही सुचवितों. मात्र लहान मुलाच्या हातीं मोबाइल देऊन आपण दुसऱ्या खोलींत जाणें म्हणजे त्यास वाचावयास बसविणें नव्हे. त्या यंत्रांत पुस्तकाच्या शेजारींच जत्रा भरलेली असते. मूल जत्रेंत जाईल, त्यांत त्याचा दोष नाहीं.

मराठी पुस्तकें विकत घेऊन मोबाइलवर वाचावयाचीं तर बुकगंगा आहे, आणि २०१६ च्या डिसेंबरापासून किंडलवरही मराठी पुस्तकें मिळूं लागलीं आहेत. अशा ई-पुस्तकांतील अक्षरें हवीं तेवढीं मोठीं करतां येतात, व ओळी आपोआप नव्यानें जुळतात. पीडीएफचें तसें नसतें. तेथें पान मोठें केलें कीं, प्रत्येक ओळीसाठीं तें डावीकडे-उजवीकडे सरकवावें लागतें. ज्यांची दृष्टि मंदावली आहे त्यांच्यासाठीं हा भेद लहान नाहीं.

येथें त्या सासूबाईंचा विचार करावयाचा. दोन्ही पत्रांत आमचें मन अधिक गुंतलें तें त्यांच्यापाशीं. अक्षरें मोठीं करून भागत असेल तर उत्तमच. भागत नसेल तर कान आहेत. स्टोरीटेलवर मराठी पुस्तकें चांगल्या वाचकांच्या आवाजांत ऐकावयास मिळतात. त्यास वर्गणी पडते. मोबाइलांत अक्षरें मोठ्यानें वाचून दाखविण्याची सोयही असते, व तिला मराठी आवाज आहे. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुस्तकाच्या पानांचीं नुसतीं छायाचित्रें असलेली पीडीएफ या यंत्रास वाचतां येत नाहीं, कारण त्याच्या लेखीं तीं अक्षरें नसून चित्रें असतात. युनिकोड अक्षरांत असलेलाच मजकूर तें नीट वाचतें. ज्यांस छापील मजकूर वाचतांच येत नाहीं अशांसाठीं २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हें ऑनलाइन ग्रंथालय आहे. तेथें दृष्टिदोषाचा दाखला देऊन नांव नोंदवावें लागतें. कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती होऊन दिव्यांगांस वाचतां येईल अशा रूपांत पुस्तक उतरविण्यास परवानगी मिळाली, तिच्यामुळें अशीं कामें निर्वेध झालीं आहेत. मोबाइल त्यांच्या हातीं देतांना मात्र घाई करूं नये. पहिले पंधरा दिवस घरांतील कोणीं तरी एकानें ठराविक वेळीं शेजारीं बसून पुस्तक लावून द्यावें. ज्यांनीं आयुष्यभर आपलें पुस्तक आपण निवडलें, त्यांस दरवेळीं दुसऱ्याची विनवणी करावी लागली तर त्या "मला नको" असें म्हणतील, आणि आपण समजूं कीं त्यांस आवडलें नाहीं.

एका विषयाबद्दल आम्हांस थोडें कठोर बोलावें लागत आहे. गेल्या दिवाळींत आमच्याच घरीं एका पुतण्यानें मोठ्या हौसेनें सर्वांस एका नव्या कादंबरीची पीडीएफ धाडली. कोणा तरी मित्रानें त्यास ती धाडली होती, व त्या मित्रास आणखी कोणीं. आमच्यापैकीं तिघांनीं ती वाचलीही. चौथ्यानें विचारिलें, "लेखकास यांतलें काय पोंचलें?" तेव्हां सर्वच गप्प झालों. मराठींत हजारएक प्रतींची आवृत्ति ही सर्वसाधारण गोष्ट आहे. तेथें शंभर घरांनीं असा फुकटचा उतारा घेतला तर दुसरी आवृत्ति निघण्याची आशाच संपते. आम्हीं ती पीडीएफ काढून टाकली व कादंबरीची एक प्रत विकत आणली. प्रायश्चित्त स्वस्त पडलें, असेंच म्हणावयाचें.

कायदा काय आहे तोही येथें सांगतों. लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षेंपर्यंत हक्क त्याच्या वारसांचा किंवा ज्यांस तो दिला असेल त्यांचा असतो. हरि नारायण आपटे व राम गणेश गडकरी १९१९ मध्यें वारले, साने गुरुजी १९५० मध्यें. त्यांचें त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेलें लेखन आतां सर्वांस मोकळें आहे. इंटरनेट अर्काइव्ह येथें अशीं जुनीं पुस्तकें पुष्कळ सांपडतील व तीं निःशंक वाचावीं. वि. स. खांडेकर १९७६ मध्यें आणि पु. ल. देशपांडे २००० मध्यें गेले. त्यांच्या पुस्तकांची मुदत अनुक्रमें २०३६ व २०६० या वर्षांच्या अखेरीपर्यंत आहे. ग्रंथपालांनीं हा नियम दारावर लावून ठेवावा, आणि वाचनालयाच्या यादींतून अशी चोरटी प्रत कधींही पुढें जाऊं देऊं नये.

दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी उरल्या. ॲप घेण्यापूर्वीं तें कोणीं काढलें आहे त्याचें नांव वाचावें. सरकारी ॲपासारखें नांव व चिन्ह धारण करणारे तोतये असतात. पुस्तक वाचून दाखविणारें ॲप आपल्या नातलगांच्या क्रमांकांची यादी मागूं लागलें तर त्यास ती कशाला पाहिजे, हें स्वतःस विचारावें व परवानगी नाकारावी. 'पहिला महिना विनामूल्य' असें जेथें असेल तेथें दुसऱ्या महिन्यापासून पैसे आपोआप कापले जातात काय, तें त्याच दिवशीं पाहून ठेवावें.

आतां मूळ प्रश्नाचें उत्तर. वर्गणी चालूं ठेवावी. सात मोबाइलांच्या महिन्याच्या खर्चाची बेरीज करावी, तिच्याशेजारीं वाचनालयाच्या वर्षाच्या वर्गणीचा आंकडा मांडावा, आणि तो कागद भावोजींच्याच हातीं द्यावा. अधिक बोलावें लागणार नाहीं असा आमचा तर्क आहे. मात्र भावोजींस पराभूत करणें हा आमचा हेतु नाहीं, कारण वाचनालयास आज त्यांच्याच मदतीची खरी गरज आहे. जिल्ह्यांतील कपाटांत उभीं असलेलीं कितीक मराठी पुस्तकें कोणत्याही ॲपांत नाहींत, आणि तीं तेथें आहेत हें जोंपर्यंत कोणास मोबाइलवर दिसत नाहीं तोंपर्यंत नव्या पिढीच्या दृष्टीनें तीं नाहींतच. ग्रंथपालांपाशीं पुस्तकांचें ज्ञान आहे, भावोजींपाशीं यंत्राचें. दोघांची गांठ पडलेली नाहीं, एवढेंच.

तेव्हां आमची सूचना अशी. येत्या रविवारीं भावोजींनीं वर्गणी घेऊन स्वतः वाचनालयांत जावें. वर्गणी भरावी, पावती घ्यावी आणि ग्रंथपालांची परवानगी घेऊन एका कपाटापुढें मोबाइल उघडून बसावें. दोन तासांत एका फळीची सूची सहज होईल. परत येतांना सासूबाईंसाठीं त्यांच्या आवडीच्या लेखकाचें एक पुस्तक आणावें, आणि रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांतील एक प्रकरण घरांतील कोणीं तरी मोठ्यानें वाचावें. कानांत घालावयाच्या यंत्राची सवय होईपर्यंत घरच्या माणसाचा आवाज पुरेल. सवय झाल्यावरही तो नकोसा होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

ग्रंथपाल महाशयांसही हेंच सांगणें आहे कीं, आपल्या गांवांत असे एक भावोजी असतीलच. त्यांस दाराशीं थांबूं न देतां आंत बोलवावें. ऐंशी दिवसांनीं सूची कोठवर आली, तें दोघांनींही आम्हांस अवश्य कळवावें.